वाचनालयाचा मॅक मिनी : फर्मवेअर पासवर्ड काढण्याच्या नोंदी

यंत्र : ॲपलचा मॅक मिनी, २०१२ च्या अखेरीस आलेलं मॉडेल, २.५ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा आय-५. काम : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या 'क' वर्ग वाचनालयाची पुस्तकसूची 'कोहा' या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर आणणं. मी कार्यकारिणीवर नाही; संगणकातलं कळतं म्हणून गळ्यात पडलेलं काम.

१४ जून २०२५, शनिवार

पुण्याच्या एका डीलरकडून यंत्र आलं. कार्यवाह अण्णांची अट एकच होती : पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर. त्याशिवाय डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) नोंद होत नाही, आणि तपासणीला आलेले साहेब सगळ्यात आधी डेडस्टॉकच मागतात. डीलर कुरकुरला, पण बिल दिलं.

एवढं जुनं यंत्र का, हे दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून इथेच लिहून ठेवतो. नुसतं चालू असताना ते ११ वॉटच्या आसपास वीज खातं. पॉवर सप्लाय पोटातच, म्हणजे बाहेर लोंबणारा अडॅप्टर नाही. रॅम १६ जीबीपर्यंत जाते, अडीच इंची दोन डिस्क बसतात. सूची सांभाळायला आणि एका वेळी चार-पाच जणांना शोध घेऊ द्यायला हे भरपूर झालं.

आधीच्या मालकाने आपली हार्ड डिस्क काढून घेतली होती, ते योग्यच. नवी एसएसडी बसवायच्या आधी यंत्र चालतं का पाहावं म्हणून डेबियन १२ या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, वायरवाला साधा कीबोर्ड जोडला आणि ऑल्ट दाबून ठेवून बटण दाबलं. मॅकची ऑप्शन की म्हणजे साध्या कीबोर्डवरची ऑल्ट. पेनड्राइव्हचं चित्र दिसायला हवं होतं. दिसलं ते करड्या पडद्यावर कुलूप आणि खाली एक रिकामी चौकट.

१५ जून

मॅकवर कुलपं दोन तऱ्हेची असतात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. 'फाइंड माय'मधून कोणी यंत्र दूरून बंद केलं असेल तर चार किंवा सहा आकड्यांचा पिन मागणाऱ्या वेगवेगळ्या चौकटी येतात. तसं असतं तर मी यंत्र त्याच दिवशी परत पाठवलं असतं, कारण तो हरवल्या-चोरल्याचा संकेत. आमच्याकडे कुलपाखाली एकच लांब चौकट आहे, म्हणजे यंत्राजवळ बसून कोणीतरी मुद्दाम ठेवलेला फर्मवेअर पासवर्ड. फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम. ॲक्टिव्हेशन लॉकचा (मालकाच्या ॲपल खात्याशी यंत्र बांधणाऱ्या कुलपाचा) प्रश्न या मॉडेलला येतच नाही. ती भानगड ॲपलची टी-२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकपासून सुरू झाली.

डीलरला फोन केला. "फॉरमॅट मारा, सगळं जातं." फॉरमॅट डिस्कचा होतो. हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये आहे, आणि यंत्रात तर डिस्कच नाही. हे त्याला समजावत बसलो नाही. आधीच्या मालकाचा नंबर तेवढा मागून घेतला.

हा पासवर्ड करतो काय, तर दुसऱ्या डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होऊ देत नाही, रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या सोयीत, जाऊ देत नाही. डिस्कवरचा मजकूर तो झाकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं वाचता येतं, फाइलव्हॉल्ट (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) वेगळं चालू केलेलं नसेल तर. वाड्याचा दिंडी दरवाजा अडसर लावून बंद आणि परसाकडची भिंत मात्र पडकी, असा प्रकार. तरी ऑफिसांत तो हौसेने लावत. माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

१६ जून

यंत्र आधी एका डिझाइन स्टुडिओत होतं, तो आता बंद झाला आहे. मालक फोनवर भेटले आणि माणूस सज्जन निघाला. मूळ खरेदीचं बिल शोधून फोटो पाठवला. त्यावरचा सिरीयल नंबर, आमच्या बिलावरचा आणि यंत्राच्या बुडावरचा, तिन्ही एकच. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी आठवतील ते पासवर्ड सांगितले आणि मी टाकत गेलो : स्टुडिओचं नाव, मुलीचं नाव, गाडीचा नंबर. एकही लागला नाही. पासवर्ड ठेवला होता त्यांच्या सिस्टिम बघणाऱ्या मुलाने. तो आखातात गेला, जुना नंबर बंद.

त्यांच्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या : यंत्र विकलं आहे, पासवर्ड उपलब्ध नाही, काढण्यास हरकत नाही. अण्णांनी ते पत्र बिलाला टाचून फाइलला लावलं. हे सोपस्कार वाटतील, पण माझ्या मते कामातला महत्त्वाचा भाग हाच. कुलूप काढायची हीच रीत चोरीच्या यंत्रालाही लागू पडते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून जवळ बाळगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतं. पुढच्या नोंदी वाचून कोणी हे करणार असेल तर आधी कागद, मग स्क्रू ड्रायव्हर.

१८ जून

सरळ मार्ग आधी. कुलपाच्या पडद्यावर शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन, कमांड आणि एस एकदम दाबलं की खाली एक लांबलचक कोड उमटतो. खरेदीचं बिल दाखवलं की अधिकृत सेवा केंद्र तो कोड कंपनीकडे पाठवतं, तिकडून त्याच यंत्रापुरती एक फाइल येते आणि पासवर्ड निघतो. व्यवस्था चांगली आहे. अडचण वयाची. हे मॉडेल ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारातून गेलं, आणि विक्री बंद होऊन सात वर्षं उलटली की कंपनी यंत्राला कालबाह्य धरून सेवा थांबवते. केंद्रातल्या मुलीने कागद नीट पाहिले आणि हेच सांगितलं. तिचाही नाइलाज होता.

१९ जून

गावात बातमी फुटली आहे, त्यामुळे सल्ले फुकट मिळताहेत.

मोबाइल दुरुस्तीवाला मित्र : "बटण सेल काढून रात्रभर ठेव." जुन्या डेस्कटॉपवर हा उपाय चालायचा, कारण सेटिंग सेलवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असे. इथे पासवर्ड फ्लॅश चिपमध्ये आहे. तिला विजेची गरज फक्त लिहिता-वाचताना. सेल वर्षभर काढून ठेवला तरी घड्याळ तेवढं मागे जाईल.

भाचा : "रॅमची एक पट्टी काढ आणि पीरॅम तीनदा रिसेट कर." पीरॅम म्हणजे मॅक सेटिंग ठेवतो ती स्मृती. सल्ला खरा आहे, पण २०१० पर्यंतच्या बहुतेक मॅकसाठी. रॅम कमी-जास्त झालेली दिसली की ती यंत्रं रिसेट करू देत आणि त्यात पासवर्डही जाई. त्यानंतरच्या मॉडेलांत ही वाट बुजवली. पॉवरपीसीच्या काळात तर याहून मौज होती : पासवर्डच्या प्रत्येक अक्षरावर एकाच ठराविक आकड्याची उलटापालट करून तो ठेवत, म्हणजे ज्याला आकडा ठाऊक त्याने कागद-पेन्सिलीने वाचावा.

तिसरा सल्ला, पैसे भरून कुठूनतरी 'अनलॉक फाइल' मागवण्याचा. अनोळखी माणसाने दिलेली फाइल मदरबोर्डच्या मुळाशी लिहायची? वाचनालयाच्या यंत्रात तरी नाही.

उरला तो मार्ग : चिप थेट वाचायची, पासवर्डची नोंद पुसायची, परत लिहायची.

२१ जून

साहित्य. चिमट्यासारखी आठ पायांची क्लिप मागवली, ती चिपवर बाहेरून बसते. चिप झाळ काढून सुटी करायची गरज नाही. प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) म्हणून बाजारात मिळणारी काळी सीएच३४१ए पट्टी स्वस्त आहे आणि बहुतेक लोक तीच वापरतात. पण त्या काळ्या पट्टीच्या बऱ्याच नगांत चिपला ३.३ व्होल्ट मिळत असले तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. बोर्डवरची फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची, आणि तिच्या तारा थेट इंटेलच्या चिपसेटपर्यंत गेलेल्या. घरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पडून आहे, त्याच्या सिग्नलच्या सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या. तोच वापरायचा. सेटिंगमध्ये एसपीआय (अशा चिपशी बोलायची पद्धत) चालू केलं, फ्लॅशरॉम हा चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम बसवला.

२७ जून

क्लिप अजून वाटेत आहे. माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या भागात, रस्ते वळवलेले, कुरिअरवाला म्हणतो सोमवारशिवाय नाही. तेवढ्यात सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जाड तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून आणली. कशाला ते पुढे कळेल.

२९ जून, रविवार

यंत्र उघडलं. बुडाचं काळं झाकण दोन्ही अंगठ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं, ठिपके समोरासमोर आले की उचलायचं. इथवर रॅम बदलणारा कोणीही येतो. पुढे पंखा, त्याच्याशेजारचं प्लॅस्टिकचं आवरण, मग अँटेनाची जाळीदार प्लेट. स्क्रू टी-६ आणि टी-८ तारांकित. लांबी वेगवेगळी आहे, म्हणून पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून ज्या-त्या जागी टोचून ठेवले.

जपायची जागा म्हणजे पंख्याचा आणि इन्फ्रारेड सेन्सरचा कनेक्टर. दोन्ही नखाएवढेसुद्धा नाहीत आणि त्यांचं घर बोर्डला नाजूक झाळलेलं असतं. वायर धरून ओढली तर घरासकट हातात येतं. प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने खालून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, सरळ वर.

बोर्ड बाहेर काढायला कंपनीचं यू आकाराचं हत्यार असतं. बोर्डला दोन भोकं आहेत. त्यांतून हत्यार खाली घालून टोकं ॲल्युमिनियमच्या पेटीला टेकवायची आणि मागच्या बाजूला रेटायचं. सायकलवाल्याची तार तिथे चपखल बसली. टोकं पेटीलाच टेकली आहेत हे टॉर्च मारून पाहिल्याशिवाय जोर लावायचा नाही. कुठेतरी कट्ट झालं, बोर्ड बोटभर सरकला, मग पॉवर सप्लायची वायर सोडवली आणि तो ड्रॉवरसारखा बाहेर आला. पंख्याखाली निघालेल्या धुळीचा वेगळा उल्लेख करायला हवा. स्टुडिओतल्या मांजराचे केसही त्यात होते.

चिप सापडली. मॅक्रोनिक्सची, ८ मेगाबाइट. नाव वाचायला भिंग लागलं.

३० जून

क्लिप दुपारी आली. जोडणी लिहून ठेवतो, कारण ही दरवेळी शोधावी लागते. डावीकडे चिपचा पाय, उजवीकडे रास्पबेरी पायची पिन : १ ते २४, २ ते २१, ४ ते २५, ५ ते १९, ६ ते २३, आणि ३, ७, ८ हे तिन्ही १७ वर, म्हणजे ३.३ व्होल्टला. चिपवर ठिपका असतो तो पाय १. यंत्राची वायर भिंतीतून काढलेली, बटण सेलही काढलेला.

पहिल्याच झटक्यात चिपने ओळख दिली : सी२ २० १७. सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स. शेवटचा १७ हा सोळाच्या पायावरच्या (हेक्स) मोजणीतला, आपल्या मोजणीत २३. आणि २ चा २३ वा घात म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, बरोबर ८ मेगाबाइट. फ्लॅशरॉम मात्र अडलं, कारण हीच ओळख सांगणाऱ्या मॅक्रोनिक्सच्या बऱ्याच चिपा आहेत; चिपच्या पाठीवरचं नाव वाचून आज्ञेत नेमकं सांगावं लागतं. भिंग कामाला आलं.

वाचन दोनदा केलं आणि दोन्ही फाइलींची शा-२५६ बेरीज (एक बाइट बदललं तरी वेगळी येणारी खूण) ताडून पाहिली. जुळेना. बोर्डवर बसलेली चिप वाचताना हे होतंच : आपण दिलेली वीज चिपपुरती राहत नाही, शेजारपाजारच्या भागांतही झिरपते, शिवाय लांब तारा वेगात गडबडतात. तारा वीतभर होत्या त्या बोटभर केल्या, वेग ५१२ किलोहर्ट्झवर आणला, क्लिप काढून चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. आता एक वाचन अडीच मिनिटांच्या आत होतं, आणि क्लिप काढून परत लावून घेतलेल्या वाचनाचीही बेरीज तीच येते. हे झाल्याशिवाय पुढे पाऊल नाही. हीच फाइल उद्या काही बिघडलं तर यंत्र परत उभं करणार आहे.

मूळ प्रत तीन जागी ठेवली : माझ्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि वाचनालयाच्या ड्राइव्ह खात्यात.

२ जुलै

आज नुसतं वाचन, लिहिणं नाही.

फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. सुरुवातीला सोळा एफएफ आणि लगेच ५ए ए५ एफ० ०एफ, ही इंटेलच्या फ्लॅश डिस्क्रिप्टरची, म्हणजे चिपच्या विभागांच्या नकाशाची, खूण. यूईएफआयटूल या फर्मवेअर उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातल्यावर विभाग मांडून दिसले : डिस्क्रिप्टर, इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, बायोस. पुष्कळ पीसींत नेटवर्क कार्डाचाही एक विभाग असतो. इथे नाही, कारण नेटवर्कची चिप ब्रॉडकॉमची.

'एफसिस' असं नाव शोधलं की यंत्राची जन्मपत्रिका सापडते. त्यात 'एसएसएन' खुणेपुढे सिरीयल नंबर. तो बुडावरच्या नंबराशी जुळला. आता स्टुडिओचं बिल, आमचं बिल, पेटी आणि चिप चारही ठिकाणी एकच नंबर आहे. अण्णांना सांगितल्यावर ते खूश. डेडस्टॉकच्या शेऱ्यात लिहितो म्हणाले. मी नको म्हटलं. नंबर चिपमध्येही असतो, म्हणून तर दुसऱ्याच्या यंत्राची तयार फाइल आणून लिहायची नसते : कुलूप जातं, पण यंत्राची ओळखही दुसऱ्याची होते.

मग मुख्य मुद्दा. यंत्र स्वतःपुरत्या गोष्टी एनव्हीरॅममध्ये लिहून ठेवतं : स्पीकरचा आवाज किती, कीबोर्डची भाषा कोणती, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं. हा साठा डॉलर-व्हीएसएस अशा मथळ्याखाली सुरू होतो. त्याच्याजवळच डॉलर-एसव्हीएस नावाचा दुसरा साठा. पासवर्ड या दुसऱ्या साठ्यात असतो, सीबीएफ२सीसी३२ अशा निरर्थक नावाने. साधा शोध घेतला तर हे नाव सापडत नाही! यूईएफआय (या फर्मवेअरची पद्धत) नावं दोन-दोन बाइटच्या अक्षरांत लिहितं, त्यामुळे प्रत्येक अक्षरामागे एक शून्य असतं. शोध यूटीएफ-१६ वर, म्हणजे त्याच दोन-बाइटी अक्षरांवर, ठेवला आणि लगेच मिळालं. पासवर्ड वाचता येत नाही; नावापुढे नुसती बाइटची खिचडी. मला तो वाचायचाही नाही. कोणाच्या मुलीचं नाव असेल तर असो.

फक्त ती एक नोंद खोडली तर? प्रत्येक नोंद एए ५५ या खुणेने सुरू होते. वाचणारा प्रोग्रॅम एका नोंदीवरून पुढच्या नोंदीवर उडी मारत जातो आणि खूण दिसेनाशी झाली की यादी संपली असं समजतो. मध्येच भोक पाडलं तर त्यापुढच्या नोंदी नसल्यासारख्या. त्यापेक्षा या साठ्याचा मथळा तसाच ठेवून खालच्या सगळ्या नोंदी एफएफ करायच्या. फ्लॅशच्या भाषेत एफएफ म्हणजे कोरं. पुसलेल्या चिपचं प्रत्येक बाइट एफएफ असतं. यंत्राला तो साठा आहे पण रिकामा, असा दिसेल. आधीचा डॉलर-व्हीएसएस साठा, एफसिस, मॅनेजमेंट इंजिन यांना हात लावायचा नाही.

बदल ओव्हरराइट पद्धतीने केला, इन्सर्ट नाही. इन्सर्टमध्ये एक बाइट जरी जास्त गेलं तरी पुढचं सगळं सरकतं. जतन केल्यावर आकार पाहिला, ८३,८८,६०८. मग मूळ आणि नवी फाइल बाइटशः ताडली. फरक फक्त त्या एका पट्ट्यात.

५ जुलै, शनिवार

लिहिलं. यूपीएसवर रास्पबेरी पाय लावला, कारण आमच्याकडे दुपारची वीज भरवशाची नाही आणि अर्ध्यात तुटलेलं लिखाण नको. फ्लॅशरॉम आधी चिप वाचतं, नव्या फाइलशी ताडतं आणि फरक असलेले खंडच पुसून लिहितं. त्यामुळे लिहिणं क्षणात झालं, वेळ गेला तो ताडण्यात. शेवटी व्हेरिफाइड. पुन्हा एकदा वेगळं वाचन करून बेरीज पाहिली, जुळली.

बोर्ड परत बसवला. पुठ्ठ्यावरचे सगळे स्क्रू जागी गेले, एकही उरला नाही. ग्रंथपाल ताई आणि भाचा दोघे पाहायला थांबले होते. ऑल्ट दाबून बटण दाबलं. नेहमीचा टंकार झाला, करडा पडदा आला, आणि त्यावर पिवळसर पेनड्राइव्हचं चित्र. "एवढंच?" ताई म्हणाल्या. त्यांना काहीतरी जास्त अपेक्षित होतं.

१२ जुलै

एसएसडीवर डेबियन १२. वायरचं नेटवर्क काही न करता चाललं. वायफायला वेगळं फर्मवेअर लागतं. राउटर शेजारीच आहे, म्हणून त्याच्या नादी लागलो नाही.

खरी गरज होती ती वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची. मॅकओएसमध्ये ही खूण करायची चौकट असते, लिनक्समध्ये नाही. इंटेलच्या चिपसेटमध्ये एलपीसी ब्रिज नावाचा भाग आहे, त्याच्या ए४ क्रमांकाच्या रजिस्टरात शून्य लिहिलं की काम होतं. सेटपीसीआय या आज्ञेची एक ओळ. ती दर वेळी सुरू होताना चालावी म्हणून सिस्टिमडीत (लिनक्सचा, सुरू होताना कामं लावणारा भाग) टाकली. मेन स्विच पाडून पाहिला. वीज आल्यावर यंत्र स्वतःहून उठलं.

नवा फर्मवेअर पासवर्ड ठेवायचा का, यावर अण्णांशी बोललो. ठेवायचा तर ॲपलची सोय वापरावी लागेल, म्हणजे त्यासाठी मॅकओएस आणा. यंत्र काचेच्या कुलूपबंद कपाटात आहे आणि किल्ली ताईंकडे. ठेवला नाही. त्याऐवजी डिस्क बसवतानाच एन्क्रिप्ट करावी का, हाही विचार झाला. पण मग वीज जाऊन आल्यावर दर वेळी कोणीतरी पासफ्रेज टाकायला हवं. सभासदांचे पत्ते आणि फोन एवढंच त्यात असेल, त्याची रोजची प्रत वेगळी एन्क्रिप्ट करून बाहेर ठेवायची असं ठरलं.

मूळ चिपची प्रत, बदललेली प्रत, दोन्हींच्या बेरजा आणि जोडणीचा कागद पाकिटात घालून बिलाच्या फाइलला लावलं. डेडस्टॉकला नोंद झाली.

कोहा बसला, त्याला लागणारे मारियाडीबी (डेटाबेस) आणि अपाचे (वेब सर्व्हर) चालू. मराठी शीर्षकं नीट शोधता यावीत म्हणून झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणी आयसीयूवर (अनेक लिप्या समजणाऱ्या पद्धतीवर) न्यायची आहे, ती पुढच्या आठवड्यात. ताईंनी 'अ' पासून कपाटं रिकामी करायला घेतली आहेत. बारकोडची लेबलं संपत आली, आणखी मागवायची.